पन्हा सांगावा लागतो

आमच्या शाळेतले संगणक जुने आहेत. डेस्कटॉपवरच्या नेहमीच्या प्लेअरमध्ये व्हिडिओ लावला की तो अडकत अडकत चालायचा आणि मुलं चुळबुळ करायची. मग मी लिनक्सवरची काळी खिडकी उघडून 'एफएफप्ले' असं टाइप करायला लागलो. पुढे फाईलचं नाव, आणि एंटर. ना बटणं, ना मेनू, नुसतं चित्र. आमच्या संगणकांना ते झेपतं.

एका सहकारी सरांचं म्हणणं, "हे मुलांना कशाला दाखवता? परीक्षेत येतं का?" नाही येत. पण मला वाटतं, दाखवलंच पाहिजे. आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना तर आधी.

परवा नववीच्या वर्गात दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतला, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. एफएफएमपेगने त्याची कच्ची फाईल केली, म्हणजे दाबून बसवलेलं सगळं उलगडून ठेवलं. दोन-चार एमबीची फाईल ११५ एमबीची झाली! मुलांना वाटलं काहीतरी बिघडलं. मग फळ्यावर हिशेब मांडला. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडासाठी एक बाइट; रंगासाठी मात्र चार ठिपक्यांत मिळून दोनच, कारण आपल्या डोळ्याला रंगातला बारीक फरक उजेडाइतका कळत नाही. म्हणजे ६४० गुणिले ४८० गुणिले दीड, एका चित्राचे ४,६०,८०० बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रं, आणि सेकंद दहा. गुणाकार मुलांनीच केला.

ही कच्ची फाईल चालवताना प्लेअरला रुंदी, उंची आणि रंगाची मांडणी आपण सांगावी लागते. फाईलमध्ये यातलं काही लिहिलेलं नसतं. मी मुद्दाम ६४० ऐवजी ६३० दिलं. प्रत्येक ओळ दहा ठिपक्यांनी सरकली आणि चित्र तिरकं वाहायला लागलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, इसकू पन्हा बताना पडता क्या?"

त्या मुलाचे अब्बा यंत्रमागावर आहेत. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मला इतकी नेमकी व्याख्या सुचली नसती.

आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामामुळे जगभर पोचले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. कोड स्कॅन केला की व्हिडिओ उघडतो, ही सोय मोठीच. पण व्हिडिओ उघडल्यावर आत काय घडतं, हे विचारायची सवय आम्ही मुलांना लावत नाही. आमच्या मोहल्ल्यात 'कम्प्युटर आता है' याचा अर्थ माऊस हलवता येतो एवढाच. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फाईलला लावलेलं असतं, आणि काळी खिडकी दिसली की 'व्हायरस आला' म्हणून मशीन बंद!

इंग्रजीचं काय, असं पालक विचारतात. अहो, लागतात ते शब्द दहा-बारा. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या पोरांना दहा शब्दांची काय भीती? भीती आपल्याला आहे, मास्तरांना. बी.एड.ला मला कुणी हे शिकवलं नव्हतं. चाळिशीनंतर चुकत चुकत शिकलो. स्पेलिंग चुकलं की मशीन सरळ 'अशी फाईल नाही' म्हणतं. पहिले काही दिवस तेही अपमानासारखं वाटायचं.

हे सगळं फुकट आहे, हेही सांगतो. फॅब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००० मध्ये एफएफएमपेग सुरू केलं, आणि आजही ते कुणालाही घेता येतं, उघडून बघता येतं. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरचं संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हतं, नोव्हेंबरमध्ये खुलं झालं. लिनक्सवाल्यांचं फारसं अडलं नाही. त्यांना ते आपल्या लिनक्सच्या साठ्यातूनच मिळत होतं.

येत्या शनिवारी कच्च्या आवाजाची फाईल घ्यायची आहे. तिथे पन्ह्याऐवजी वेग सांगावा लागतो. चुकीचा सांगितला की माझाच आवाज चिमणीसारखा येतो. वर्ग ते ऐकायला टपून बसला आहे.