भिंतींच्या पांढऱ्याचा निकाल

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची तजवीज सुरू झाली, की दुकानातील रंगपत्रिकेवरच्या बोटभर चौकोनाकडे पाहून साऱ्या घराच्या पांढऱ्याचा निकाल लावण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे, ती मला सर्वस्वी त्याज्य वाटते. चुन्यात चिमूटभर नीळ मिसळून भिंती उजळविणाऱ्या मागील पिढ्यांना हे पुरते ठाऊक होते की, पांढऱ्याचा स्वभाव त्यात पडलेल्या अल्पशा परक्या रंगावर ठरतो. निळीच्या जागी किंचित पिवडी किंवा गेरू पडला, की तोच पांढरा उबदार होतो.

ही ऊब किती असावी, याचा निवाडा मात्र खोलीतील प्रकाशाने करावयाचा असतो. उत्तराभिमुख खोलीत थेट ऊन फारसे येत नसल्याने आकाशाच्या निळसर प्रकाशाचाच अंमल चालतो, म्हणून तेथे पिवळसर छटेचा पांढरा शोभतो. उलट पश्चिमेच्या दिवाणखान्यात, जेथे मावळतीचे ऊन स्वतःच केशरी असते, किंवा कोकणात, जेथे अंगणातील जांभ्या दगडाची तांबूस आभा भिंतीवर चढते, तेथे तीच छटा मळकट दिसू लागते. रात्रीचा विचार तर बहुधा राहूनच जातो: ६५०० केल्विनच्या निळसर दिव्याखाली ही सारी ऊब लोपते आणि २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली दुणावते.

सबब वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, रंगाऱ्याला विसार देण्यापूर्वी नमुन्याचा लहान डबा आणून, निरनिराळ्या दिशांच्या भिंतींवर हातभर रुंदीचे पट्टे ओढावेत, ते सकाळी, तिसऱ्या प्रहरी आणि दिवेलागणीनंतर निरखावेत, आणि मगच दुकानदाराला होकार कळवावा.