सेवा कराची जुनी प्रकरणं आता मिटवा

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि सेवा कर गेला. एक्साइजही पेट्रोल-डिझेल, तंबाखू अशा मोजक्या मालापुरता उरला. तरी माझ्या टेबलावर सेवा कराच्या फायली आजही उघड्या आहेत. लेबर ठेकेदार, प्लंबिंगची कामं घेणारे, केटरिंगवाले, यंत्रं दुरुस्त करणारे यांच्या त्या फायली. वीसेक वर्षं मी कर सल्लागार म्हणून काम करते आहे. कायदा रद्द झाल्यावर त्याचा इतका त्रास इतक्या लहान माणसांना झालेला मी यापूर्वी पाहिला नव्हता.

रद्द झालेल्या कायद्याखालची जुनी देणी वसूल करण्याचा अधिकार जीएसटी कायद्याच्या कलम 174 ने राखून ठेवला आहे, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ती या फायलींमधल्या नोटिसा निघाल्याची पद्धत. आयकर खात्याकडून आकडे आले. 26एएस या आयकराच्या वार्षिक उताऱ्यात एखाद्याच्या नावावर टीडीएस कापलेली रक्कम दिसली आणि सेवा कराच्या विवरणात ती नसली, की फरकाच्या सगळ्या रकमेवर कर लावून नोटीस निघाली. काम कुठलं होतं, त्यावर कर लागत होता का, लागत असेल तर तो कोणी भरायचा होता, हे विचारलंच गेलं नाही.

माझ्याकडचा एक ठेकेदार एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला माल चढवायला-उतरवायला माणसं पुरवतो. प्रोप्रायटरी धंदा, हजेरीपट बायको सांभाळते. 2016-17 मध्ये त्याला कंपनीकडून 38 लाख मिळाले. त्यातले बहुतेक मजुरांच्या पगारात, पीएफ आणि ईएसआयमध्ये गेले. 1 एप्रिल 2015 पासून नियम असा होता, की अशा ठेकेदाराने कंपनीला माणसं पुरवली तर सेवा कर पूर्णपणे कंपनीने भरायचा. कंपनीने तो भरला होता, चलनं तिच्याकडे होती. तरीही 2021 च्या ऑक्टोबरात याच्या नावाने साडेपाच लाखांच्या वर कराची नोटीस निघाली. ती गेली त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. सुनावणीची पत्रंही तिथेच गेली. त्याचं म्हणणं न ऐकताच आदेश झाला: कर, तेवढाच दंड, वर व्याज. हे त्याला कळलं ते बँकेने खातं गोठवल्यावर, ऐन पगाराच्या आठवड्यात. "ताई, मी बिलात टॅक्स लावलाच नव्हता, मग खाल्ला कुठून?" असं तो विचारत होता. कायद्याच्या भाषेत त्याचा मुद्दा बरोबर होता.

त्याच महिन्यात, 26 ऑक्टोबर 2021 ला, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने आपल्याच अधिकाऱ्यांना लेखी बजावलं होतं की केवळ आयकराच्या आकड्यांवरून सरसकट नोटिसा काढू नका, आधी वस्तुस्थिती तपासा. सूचना चांगली होती, पण तोवर गठ्ठेच्या गठ्ठे नोटिसा निघून गेल्या होत्या. मुदत संपत आली होती आणि नोटीस काढली नाही तर उद्या जाब आपल्याला द्यावा लागेल, ही भीती अधिकाऱ्यांनाही होती. ती मी समजू शकते. पण त्या भीतीची किंमत करदात्याने का मोजायची?

पाच वर्षं मागे जायला कायद्यात फसवणूक किंवा हेतुपुरस्सर लपवाछपवी लागते. नुसता कर न भरणं म्हणजे लपवाछपवी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने युनिवर्थ टेक्स्टाइल्सच्या निकालात 2013 मध्येच सांगितलं आहे. आणि आयकराला दाखवलेलं, बँकेतून आलेलं उत्पन्न लपवलेलं कसं ठरतं? नुसत्या 26एएस वर उभ्या राहिलेल्या मागण्या अपील न्यायाधिकरणानेही अनेकदा रद्द केल्या आहेत.

पण तिथवर पोचणार कोण? पहिलं अपील आयुक्तांकडे (अपील) दोन महिन्यांत करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना मिळतो. त्यानंतर आयुक्तांच्या हातात काही उरत नाही. अपिलासाठी कराच्या साडेसात टक्के आधी भरायचे. तिथे हरलात तर दहा टक्क्यांची तजवीज करून मुंबईच्या न्यायाधिकरणात जायचं, मग तुम्ही गडचिरोलीचे असा नाही तर सिंधुदुर्गाचे. सरकारने मात्र स्वतःसाठी 2024 मध्ये ठरवलं की 60 लाखांपर्यंतच्या वादात सहसा न्यायाधिकरणात जायचं नाही. ते धोरण योग्यच आहे. मग साडेपाच लाखांसाठी ठेकेदाराला तिथे का जावं लागावं?

2019 च्या 'सबका विश्वास' योजनेने एक्साइज आणि सेवा कराचे हजारो वाद मिटवले. 50 लाखांपर्यंतच्या वादात 70 टक्के कर माफ, व्याज आणि दंड पूर्ण माफ. ती योजना जानेवारी 2020 मध्ये बंद झाली. नोटिसांची ही लाट त्यानंतरची, म्हणून या लोकांना तिचा काही उपयोग झाला नाही. पुढे जीएसटीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी कलम 128ए आणून व्याज-दंड माफ केला गेला. महाराष्ट्राने 2023 च्या अभय योजनेत व्हॅटसारख्या जुन्या राज्य करांची दोन लाखांपर्यंतची थकबाकी सरळ सोडून दिली. मधल्यामधे राहिले ते सेवा करवाले.

ज्यांनी ग्राहकाकडून सेवा कर घेतला आणि सरकारला दिला नाही, त्यांना एक रुपयाही सोडू नये. असेही लोक याच आकड्यांतून सापडले आहेत. पण बाकीच्या लहान प्रकरणांसाठी केंद्राने शेवटची एक तडजोड योजना आणावी, आणि फक्त आयकराच्या आकड्यांवर, समोरच्याचं न ऐकता झालेले आदेश पुन्हा सुनावणीला घ्यावेत. येत्या अर्थसंकल्पाच्या वित्त विधेयकात हे बसवता येईल. आपल्या खासदारांनी अर्थमंत्र्यांकडे ही मागणी लावून धरावी.

तोवर, तुमच्या हाती असा आदेश पडला तर घाबरून तो कपाटात ठेवू नका. मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा, पाकीट जपून ठेवा, आणि दोन महिन्यांच्या आत अपील दाखल करा.