झालेली किती, असलेली किती

गुरुवारी आमच्या छावणीचा आठवडी बाजार असतो. परवा मोठ्या नातीला सुट्टी होती म्हणून तिलाही बरोबर नेलं. मी वांगी निवडत होते. ओळखीच्या भाजीवाल्या मावशींनी सहज विचारलं, "बाई, मुलाला लेकरं किती तुमच्या?"

मी म्हणाले, "दोन."

नातीनं माझा हात सोडला. "तीन आहेत. मी, मधला आणि धाकटा. मधला वारला."

मावशींनी तराजू खाली ठेवला. "केवढा होता गं?"

"14 महिन्यांचा."

"माझी सहा झाली बघ. चार राहिली." एवढं बोलून त्यांनी तराजू उचलला आणि दोन वांगी जास्तीची टाकली. घरी येईपर्यंत नात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आठ वर्षांची आहे, पण अबोला धरायला माझ्या सासूबाईंवर गेली आहे.

मंडळी, मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. "मुलं किती आहेत?" आणि "मुलं किती झाली?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला भाजीवाल्या मावशींकडून कळावं! आमच्या लहानपणी गावाकडच्या बायका असंच बोलायच्या. "सात झाली, चार हाती लागली." ओट्यावर धान्य निवडता निवडता सांगायच्या. रडायच्या नाहीत, लपवायच्याही नाहीत. गेलेलं लेकरू त्यांच्या हिशेबात होतं. शाळेच्या हजेरीपटावरही ते दिसायचं, फक्त वाचता यायला हवं. दगडू, धोंडीराम, कचरू, केरबा अशी नावं असत. आधीचं लेकरू गेलं की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूची नजर लागत नाही. एकेका पोराच्या नावात त्याचं न पाहिलेलं भावंड असायचं. आम्ही नव्या शिक्षिका त्या नावांना हसत होतो, हेही कबूल करते.

सरकारलाही हा फरक ठाऊक आहे. शिक्षकांना जनगणनेचं काम असतं, तसं 1991 च्या फेब्रुवारीत मलाही होतं. विवाहित बाईला दोन प्रश्न विचारायचे होते: आज हयात असलेली मुलं किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली एकूण किती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन यायचं. दुसऱ्याला बाई थांबायची. काही वेळा आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज यायचा, "तेवढीच लिहा हो." बाई माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. मग ती बोटांनी आकडा दाखवायची आणि मी तो लिहायचे.

आमच्या घरी दुसऱ्या शाळेतले एक गुरुजी आले, तेव्हा मी बाहेर लोकांची घरं मोजत फिरत होते. सासूबाईंनी माहिती दिली. हयात दोन, झालेली दोन.

झालेली तीन होती. पहिला मुलगा 1975 साली झाला आणि नऊ दिवसांनी गेला. बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. फोटो नव्हता. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. कुठे ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दीड महिन्यानं शाळेत रुजू झाले. "लहान आहेस, होतील आणखी," असं सगळे म्हणाले. झालीही. पण त्या दोघांना मी पहिल्याबद्दल काही सांगितलं नाही. मुलाला कळलं ते चौदाव्या वर्षी, शेजारणीकडून, आणि तेही टोमण्यातून. त्याचा राग त्याच्या मनात अजून आहे, हे मला माहीत आहे. तो हे वाचतो, म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हा निदान सोबत तरी होती. 1971 साली आपल्या देशात हजार जिवंत जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जात. 2020 साली हा आकडा 28 वर आला. फार मोठी गोष्ट आहे ही, लसी, दवाखाने, आशाताई, सगळ्यांचे उपकार आहेत. पण पूर्वी गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरात बोलायला कुणीतरी होतं. आज जिचं मूल जातं ती बाई सोसायटीत एकटी असते, आणि बाकीच्यांना तिच्यासमोर काय बोलावं ते कळत नाही. मग ते विषय टाळतात. माझ्या सुनेच्या बाबतीत हेच झालं.

छावणीत राहणाऱ्यानं या विषयावर लिहायचं, तर एक घर आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज 1950 साली सुरू झालं ते इथल्याच बराकींमध्ये, पुढे तेच नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय झालं. दरवर्षी 7 फेब्रुवारीला रमाई जयंती असते. भाषणं लाउडस्पीकरवरून ऐकू येतात, आणि त्यांत चार नावं हमखास येतात: गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. बाबासाहेब आणि रमाबाईंची गेलेली चार लेकरं. पाचांतला एक यशवंत तेवढा राहिला.

धाकटा राजरत्न 1926 च्या जुलैत गेला. परळच्या बी. आय. टी. चाळीतलं ते घर. यशवंत तेव्हा 13 वर्षांचा, पुतण्या मुकुंदही त्याच घरातला. त्यानंतर महिन्याभरानं बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो असं सोंग आणण्यात अर्थ नाही, अशा आशयाचं ते आहे. आणि पुढे ते मोजतात. चार लेकरं मातीआड केली, तीन मुलगे आणि एक मुलगी. नुसता आकडा सांगून थांबत नाहीत, ती कशी चपळ, देखणी होती तेही लिहितात.

1927 च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला, म्हणजे जेमतेम आठ महिन्यांनी. भाषणांतून सांगतात की दुःख विसरून ते समाजकार्याला लागले. मला हे पटत नाही. ज्यानं ते पत्र लिहिलं तो माणूस काही विसरलेला नव्हता. त्याच घरात एक मुलगा शाळेत जात होता, एक पुतण्या वाढत होता, रमाबाई चूल पेटवत होत्या, आणि चार लेकरं हिशेबात होती. हे सगळं एकाच वेळी चालू होतं.

आता आमच्या घराबद्दल. मधल्याच्या हृदयाला जन्मापासून दोष होता. ऑपरेशन झालं, नाही टिकला. त्याला आता चार वर्षं होऊन गेली. सूनबाईंनी त्याचा फोटो माझ्या सासू-सासऱ्यांच्या रांगेत, हार घालून लावू दिला नाही. फ्रीजशेजारच्या भिंतीवर मुलांचे फोटो आहेत, तिथे तोही आहे, तोंडाला भात फासलेला. वाढदिवसाला घरात सगळ्यांना गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप, कारण तो तेवढंच खायचा. पहिल्या वर्षी मी जेवले नाही. मला ते अशुभ वाटलं, स्पष्टच सांगते. "मोठीच्या मनावर काय परिणाम होईल?" असं मी मुलाला आडून विचारलंही. तो म्हणाला, "आई, परिणाम न सांगण्याचा होतो." पुढे बोलला नाही. पुढच्या वर्षापासून मी जेवायला बसते.

माझी शंका अगदीच खोटी होती असं मात्र मला आजही वाटत नाही. गेलेल्या मुलाचं देऊळ केलं की जिवंत मुलं त्या घरात पुजारी होतात. "तो असता तर एव्हाना शाळेत गेला असता, असा हट्ट केला नसता," हे वाक्य एकदा माझ्याच तोंडून धाकट्यासमोर गेलं. दोन वर्षांचं पोर, त्याला काय कळणार! पण सूनबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "आई, तुलना नको. त्याचं त्याला, याचं याला." बरोबर बोलल्या. धाकट्याच्या वाढदिवसाला आमच्याकडे मधल्याचं नाव निघत नाही. तो दिवस त्याचा, केक त्याचा, धिंगाणा त्याचा.

आणि नातेवाईक मंडळींनो, आता तुमच्याशी भांडण. धाकट्याच्या बारशाला तुमच्यापैकी निदान चार जणांनी त्याला मांडीवर घेऊन म्हटलं, "तोच परत आला गं!" तुमचा भाव चांगला होता. पण असं म्हणून एकाच वाक्यात दोन मुलांवर अन्याय होतो. गेलेल्याचं जाणं खोटं ठरतं, आणि आलेल्याला स्वतःचं येणं मिळत नाही. नाव तेच ठेवा असाही आग्रह झाला. सूनबाईंनी ठेवलं नाही, त्याबद्दल फोनवर जे बोललं गेलं ते तिच्यापर्यंत पोचलं आहे.

बाजारातून आल्यावर संध्याकाळी नातीचा अबोला सोडवायला मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "चुकलं माझं. तीनच." मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिला पहिल्याबद्दल सांगितलं. 50 वर्षांत पहिल्यांदाच मी आपणहून कुणाला सांगत होते.

"त्याचं नाव काय होतं?"

"नाव नव्हतं गं. बारसंच झालं नाही."

ती थोडा वेळ विचार करत होती. "म्हणजे बाबा पण मधलेच होते?"

"नाही. आत्या मधली. बाबा धाकटे."

"मग तो मोठा." एवढं ठरवून ती खेळायला गेली. तेव्हापासून तिच्या बोलण्यात "आजीचा मोठा" असा उल्लेख येतो, कधी जेवताना, कधी पाहुण्यांसमोरही. मुलानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो ताटातून वर बघत राहिला, मग त्यानं भाकरी मागितली.

मधल्याचा वाढदिवस मार्गशीर्षात येतो. कुणी येणार असाल तर आधी कळवा, गुरगुट्या भात ऐनवेळी वाढवता येत नाही. लोणचं लिंबाचं आहे, यंदा चांगलं मुरलंय.