सही नसलेलं कपाट

परवा शनिवारी लंडनमध्ये एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. (ऑनसाइट आल्यापासून लागलेला नाद. घ्यायची ऐपत नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत!) कोपऱ्यात एक लाकडी कपाट होतं. दारांवर पिवळे-निळे मोठ्ठे गोल, त्यांना छेदणाऱ्या काळ्या रेघा, कडांचा रंग उडालेला. खाली चिठ्ठी : ओमेगा वर्कशॉप्स, 1914च्या सुमारास, डंकन ग्रँट यांचे काम असावे. किंमत? पुण्यातल्या टू बीएचकेचं डाउन पेमेंट.

विचारलं, ग्रँटचंच कशावरून? दुकानदार हसला. म्हणाला, त्याचं नाव नसतं तर निम्म्या किमतीत दिलं असतं.

इथे माझं डोकं फिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ओमेगा ही रॉजर फ्राय या चित्रकार-समीक्षकाने जुलै 1913 मध्ये 33, फिट्झरॉय स्क्वेअर इथे काढलेली कार्यशाळा. व्हेनेसा बेल आणि ग्रँट सहसंचालक. नव्या वळणाच्या चित्रकारांनी खुर्च्या, पडदे, भांडी, कपाटं सजवायची आणि त्यावर त्यांचं पोट भागायचं. 1919 मध्ये ती बंद पडली. पण एक नियम झकास होता. कुणी सही करायची नाही, वस्तूवर खूण फक्त ओमेगा या ग्रीक अक्षराची. गिऱ्हाइकाने नाव बघून नाही, वस्तू आवडली म्हणून घ्यावी.

आणि आज तीच वस्तू विकली जातेय नावावर. तेही 'असावे' या एका शब्दावर!

बरं, कपाट बनवलं कुणी? ओमेगावाले बरेचदा तयार फर्निचर आणून रंगवत, नाहीतर लाकूडकाम बाहेरच्या कारागिरांकडून करून घेत. मी खालचा खण ओढून बघितला. शंभरावर वर्षं झाली, अजून लोण्यासारखा सरकतो. ते सांधे बसवणाऱ्या सुताराबद्दल चिठ्ठीवर 'असावे'सुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, तज्ज्ञ अभ्यास करूनच नाव लावतात. मान्य. लंडनच्याच कोर्टोल्ड गॅलरीत ओमेगाची कितीतरी मूळ डिझाइन्स आहेत. त्यातल्या एखाद्याशी हे कपाट जुळत असेल तर तसं लिहा ना! नसेल तर 'रंगवणारा अज्ञात' लिहायला लाज कसली?

दुसरं कुणी म्हणेल, निनावीपणा तरी कुठे एवढा पवित्र? हेही खरं. ऑक्टोबर 1913 मध्येच विंडहॅम लुईस आणि त्याचे तीन साथीदार ओमेगातून भांडून बाहेर पडले. एका प्रदर्शनाचं काम फ्रायने परस्पर लाटलं, असा त्यांचा आरोप होता. सगळं एका खुणेखाली गेलं की कुणाचं श्रेय कुणाला गेलं ते कळत नाही. म्हणून माझा हट्ट निनावीपणाचा नाहीच. हट्ट आहे नोंदीचा. आपण साधी एक ओळ बदलली तरी व्हर्जन कंट्रोलमध्ये नाव आणि तारीख पडते. नोंद सापडली नाही म्हणून 'हा कोड आर्किटेक्टने लिहिला असावा' असं ठोकून क्लायंटला दुप्पट बिल लावलं तर त्याला काय म्हणतात? कपाटाच्या धंद्यात त्याला पारख म्हणतात!

असो. कपाट अर्थातच घेतलं नाही. पण तुम्ही कधी घ्याल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा : हे नाव कशावरून? आणि खण कुणी बसवला?