शल्य: सलणारे आणि न सलणारे

जिल्हा रुग्णालयात कधी ना कधी गेलेल्या माणसाने 'जिल्हा शल्यचिकित्सक' ही पाटी वाचलेली असते. सिव्हिल सर्जनचे हे सरकारी मराठी नाव. पण यातले 'शल्य' म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळजण 'ऑपरेशन' असे उत्तर देतील. ते बरोबर नाही. शल्य म्हणजे बाणाचे टोक, काटा, अंगात रुतून बसलेली वस्तू. आपले 'सल' आणि 'सलणे' हे शब्द त्याच घरातले.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत सुश्रुतसंहितेने शल्यतंत्राला पहिले स्थान दिले आणि या शब्दाचा अर्थही रुंद केला. लाकूड, दगड, लोखंड, हाडाचा तुकडा, केस, नख, पू, इतकेच काय, पोटात दगावलेला गर्भ हेही शल्यच. मनाला आणि शरीराला पीडा देते ते शल्य, आणि ते बाहेर काढण्याचे साधन म्हणजे यंत्र. अशी १०१ यंत्रे सांगून सुश्रुत म्हणतो, की त्या सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणजे वैद्याचा हात. गंमत अशी, की इंग्रजी 'सर्जरी' ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचाही मूळ अर्थ 'हाताचे काम' असाच आहे.

पुढे बोलण्यातून शरीराचे शल्य हळूहळू गेले आणि मनाचे तेवढे उरले. 'आईला शेवटी भेटता आले नाही याचे शल्य राहिले,' असे आपण म्हणतो. शरीरासाठी 'ऑपरेशन' आला. त्याचीही गत पाहा. आजही खेड्यात 'सुनेचे ऑपरेशन झाले का?' असे कोणी विचारले, तर ते कुटुंबनियोजनाचेच असते!

दरम्यान शल्यचिकित्साही बदलली. पूर्वी परकी वस्तू बाहेर काढणे हे तिचे मुख्य काम. आज सर्जन ती आत बसवतोही. मोतीबिंदूत भिंग, हर्नियात जाळी, मोडलेल्या हाडात पट्टी आणि स्क्रू. म्हणून नुसते 'ऑपरेशन करायचे आहे' या वाक्यातून पेशंटला काहीच कळत नाही. तरी तो त्यावर सही करतो. हे मला योग्य वाटत नाही. वाचकहो, सही करण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. काय काढणार? काय बसवणार? आणि नाही केले तर काय होईल? हे साध्या मराठीत सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शल्य म्हटले की ते सलणारच, अशी आपली समजूत. 'दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचे?' हे वाक्य दवाखान्यात किती वेळा ऐकले, याची मोजदाद नाही. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बायका ती महिनोन्‌महिने पदराआड लपवतात. घरची कामे, मुलांच्या परीक्षा, लाज, सुरीची भीती, कारणे खूप असतात. सगळ्या गाठी कर्करोगाच्या नसतात, बहुतेक साध्याच असतात. पण कोणती साधी आणि कोणती नाही, हे दुखण्यावरून ठरत नाही, तपासणीवरून ठरते. वेळीच कळले तर उपचार सोपे होतात आणि बरे होण्याची आशाही मोठी असते.

तेव्हा गाठ हाताला लागली तर दुखण्याची वाट पाहू नका. घरातल्या पुरुषांनीही 'बघू पुढच्या महिन्यात' असे म्हणू नये. शरीरातले शल्य काढायला सर्जन आहे. 'आधीच दाखवले असते तर' हे शल्य मात्र कोणत्याही यंत्राने निघत नाही.