विषयाला धरून बोला?



1 मेच्या ग्रामसभेआधी इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवर महिला सभा होती. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असे कायदाच सांगतो, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते. या वेळी आम्ही आग्रह धरून ती घ्यायला लावली.

विषय एकच, पाणी. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि एप्रिलात वाडीतल्या बाया हंडे घेऊन दरी उतरतात. नवी विहीर कुठे खोदायची, याचा ठराव करायचा होता.

अर्ध्या तासाने एक बाई उठली. "पाणी मी लांबून बी आणीन, पण दारूचं काय? काल रात्री लेकरं घेऊन शेजारी निजले." दुसरी म्हणाली, "घरचं गाऱ्हाणं इथं कशाला?" आवाज चढले. आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी म्हणाले, "ताई, विषयाला धरून बोला." ती खाली बसली. ठराव झाला. पुढच्या दोन्ही बैठकांना ती आली नाही.

शहाद्याची गोष्ट आपण शिबिरांतून किती वेळा सांगतो! 1970च्या दशकात तिथल्या श्रमिक संघटनेचा लढा जमीन आणि मजुरीचा होता. नवऱ्याची दारू आणि मार हा विषय आदिवासी बायांनीच त्यात आणला. दारूचे माठ फुटले, मारणाऱ्या नवऱ्यांना जाब द्यावा लागला. तिथे माझ्यासारखी कुणी मध्ये बोलली असती तर?

खरे सांगायचे तर त्या दिवशी आणखी एक विषयांतर झाले होते. विहिरीच्या जागेची चर्चा ऐन रंगात असताना गावातल्या एका वजनदार घरच्या बाईंनी हळदीकुंकवाचा खर्च काढला. वीस मिनिटे गेली. जागेचे बोलणे पुन्हा सुरू झाले ते त्यांच्या शेताच्या बाजूने. त्यांना मी थांबवले नाही. माझी जीभच रेटली नाही.

वर्षभर गप्प राहिलेली बाई हळू आवाजात कशी बोलेल? तेव्हा आवाजाला भिऊ नये. जात काढली किंवा चारित्र्यावर शिंतोडा उडवला, तर मात्र तिथल्या तिथे थांबवावे, बोलणारी कुणाचीही सून असो. ठराव सभेतच लिहून, मोठ्याने वाचून, सह्या-अंगठे घेऊनच उठावे. नाहीतर इतिवृत्तात भलतेच उमटते. राहिलेल्या विषयाला 'नंतर बघू' न म्हणता तारीख द्यावी. आणि मार खाल्लेल्या बाईबरोबर त्याच संध्याकाळी कुणीतरी जावे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005चा कायदा तिच्यासाठीच आहे. तो तिला सांगायला त्या दिवशी माझ्याकडे पाच मिनिटे नव्हती.

ऑगस्टच्या सभेत दारूचा विषय पहिला ठेवावा, असे आम्ही कळवले आहे. बोलावणे द्यायला मी स्वतः तिच्या घरी जाणार आहे. तुमच्या गटात अशा वेळी कोण कुणाला गप्प करते, ते जरूर लिहून पाठवा.