सुई, शेक आणि सव्वा महिना

बाळंतपणाविषयी आपण मराठीत जे शब्द वापरतो ते ऐकून एखाद्या परक्या माणसाची अशी समजूत व्हावी, की हे काम एकदा उरकले की संपले. ‘अमकी सुटली’, ‘तमकी मोकळी झाली’, ‘पहाटे अडीचला सुटका झाली’. जणू कुणी शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर पडले! पाठोपाठ ‘पेढे की बर्फी?’ हा प्रश्न येतो आणि त्यानंतर निरोप जातो : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’. या निरोपात बाळंतिणीचा नंबर दुसरा असतो. घरी आल्यावर तो बाळ, बाळाचे टोपडे, बाळाची गुटी आणि बाळाला बघायला आलेली माणसे यांच्याही मागे जातो.

पण त्याच मराठीत आणखी एक शब्दप्रयोग आहे : ‘ओली बाळंतीण’. आमच्या आज्या तो उच्चारताना आवाज थोडा खाली आणीत. ओली भिंत असते, ओली माती असते, तशी ही ओली बाई. तिच्यावर भार टाकायचा नाही, तिला घाईने उभे करायचे नाही. जे ओले आहे ते सुकायला वेळ लागतो, एवढे शहाणपण त्या एका विशेषणात आहे. तो वेळ किती, याविषयी लोकांचे फारसे दुमत नाही. आपल्या घरांत सव्वा महिना म्हणतात. सुश्रुताने दीड महिना सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटना सहा आठवडे धरते. तिघांचा मुक्काम साधारण एकाच गावात पडतो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आमच्या थोरल्या ताईची लेक. यंदा श्रावणात ती पहिल्या बाळंतपणासाठी ठाण्याला माहेरी आली. सिझेरियन झाले, मुलगी झाली. ताईने कशातही कमी केले नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा, सकाळी मालिशवाल्या बाई. पाचव्या मजल्यावरच्या घरात निखाऱ्यांची शेगडी पेटवणे शक्य नव्हते, आणि बंद खोलीत ती धोक्याचीच. म्हणून तिच्या जागी गरम पाण्याची पिशवी आली. तरी तीन आठवडे उलटले तेव्हा भाचीची कंबर धरलेली, मान आखडलेली, आणि बाळ झोपले तरी हिच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असा प्रकार सुरू झाला. एके दिवशी ती म्हणाली, “आई, मी ॲक्युपंक्चर करून घेऊ का? डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. टाके बघून त्या म्हणाल्या, हरकत नाही.”

ताई ताडकन उठली. “ओल्या बाळंतिणीच्या अंगात सुया? त्यापेक्षा मला टोच म्हणावं!”

मराठी शिकवणाऱ्या माणसाला जगातले सगळे ठाऊक असते, असा आमच्या घराण्यात एक जुना गैरसमज आहे. त्यामुळे हा खटला माझ्याकडे आला. मी आपली माझ्या सवयीने आधी शब्दाकडे वळले, आणि गंमत अशी की खटल्याचा अर्धा निकाल तिथेच लागला.

‘ॲक्युपंक्चर’ हे नाव चिनी नव्हे. सुई आणि टोचणे अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची ही जोडी विलेम टेन ऱ्हायने या डच डॉक्टरने १६८३ साली छापलेल्या ग्रंथामुळे युरोपात रूढ झाली. चिनी लोक या विद्येला ‘झेनज्यू’ म्हणतात. त्यातले ‘झेन’ म्हणजे सुई आणि ‘ज्यू’ म्हणजे पेटलेल्या वनस्पतीने दिलेला शेक. थोडक्यात, मूळ नाव आहे ‘सुई-शेक’! युरोपीयांनी सुई उचलली आणि शेक मागे ठेवला. वास्तविक लेखी पुराव्यात शेकच थोरला ठरतो. १९७३ साली चीनमध्ये चांग्शा शहराजवळ मावांगदुई येथे इसवी सनापूर्वी १६८ मधले एक थडगे उघडले, त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. शरीरातल्या वाहिन्या आणि त्यांवर द्यायचा शेक यांचे वर्णन त्यांत आहे. सुयांच्या उपचाराचे नाही. त्याच थडग्यात गर्भारपण आणि बाळंतपण यांवरचाही एक ग्रंथ निघाला.

शेकासाठी जी वनस्पती सुकवून, कुटून, तिची कांडी वळून पेटवतात, ती आपल्या दवण्याची सख्खी चुलत बहीण. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच दवणा. हे मी ताईला सांगितले तेव्हा तिचा चेहरा निम्मा निवळला. चीनमध्येही बाळंतीण महिनाभर घरात राहते, तिला थंड पाणी वर्ज्य असते, वारा लागू देत नाहीत, आले घातलेले गरम पदार्थ तिला भरवतात आणि सासू-आई मिळून तिच्यावर हुकूम गाजवतात, हे सांगितल्यावर उरलेला निम्माही निवळला. तिथे या प्रकाराला ‘महिना बसणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. “म्हणजे आपलं बाजेवर असणंच की!” ताई म्हणाली.

आता सुईविषयी. ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते, भरीव असते. जाडी साधारण पाव मिलिमीटर. तिच्यातून अंगात औषध जात नाही. निर्जंतुक केलेली सुई एकदाच वापरून टाकून द्यायची, हा नियम. ठरलेल्या जागी ती टोचून वीस-तीस मिनिटे ठेवतात, आणि तेवढा वेळ माणसाने निवांत पडून राहायचे. दूध यावे म्हणून करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी टोचतात. थकव्यासाठी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे. तिचे नाव ‘झूसानली’. त्यात पायही आहे आणि तीन ‘ली’ हे अंतरही आहे. दमलेला वाटसरू इथे उपचार करून घेऊन आणखी तीन ली चालत जाई, अशी कथा सांगतात. रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन दिवाणखान्यात येरझारा घालणाऱ्या बाईला तीन ली म्हणजे काही फार नव्हेत!

याने गुण येतो का? आजवर झालेल्या चाचण्या पाहिल्या तर उत्तर बेताचेच मिळते. बाळंतिणीच्या दुखण्यावर सुईचा थोडा उपयोग होतो, असे काही चाचण्यांत दिसले आहे. दुधाच्या आणि मनाच्या खिन्नतेच्या बाबतीत पुरावा कच्चा आहे; चाचण्या लहान, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय एक मोठी अडचण आहे. तुलनेसाठी काही रुग्णांना भलत्याच जागी सुई टोचतात किंवा टोचल्याचे नुसते सोंग करतात, आणि त्यांतल्याही पुष्कळांना बरे वाटते! यावरून कुणी म्हणेल, मग सगळे थोतांडच. मला तसे वाटत नाही. खरी सुई असो वा खोटी, दोन्हींत एक गोष्ट खरीच असते : दार लोटलेली खोली, अर्धा तास आडवे पडणे, आणि आपल्याकडे लक्ष देणारे एक माणूस. गुणाचा मोठा वाटा तिथे असावा, असा माझा तर्क आहे.

म्हणूनच ‘सहायक उपचार’ या शब्दातल्या ‘सहायक’वर मी बोट ठेवते. १९७१ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. पुढे दंतकथा पसरली की चिन्यांनी सुया टोचून, भूल न देता पोट फाडले. रेस्टननी स्वतः लिहिले ते निराळेच आहे. शस्त्रक्रिया नेहमीसारखी भूल देऊन, शल्यविशारदांनी केली. नंतर दुसऱ्या रात्री पोटात वायू धरून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, पोटाजवळ पेटती वनस्पती धरून शेक दिला, आणि तासाभरात त्यांना आराम पडला. शस्त्रक्रिया सर्जनने करावी आणि नंतरच्या तळमळीला सुईने हात द्यावा, इतकी साधी ती वाटणी होती. दंतकथेला ती पसंत पडली नाही, एवढेच.

चीनच्या या विद्येशी आपला एक धागा सोलापुरातून जातो. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला; भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस वारले. शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आपल्याला त्या अमर डॉक्टरची आठवण देतो. पण त्या दिवशी युद्धाच्या धामधुमीत साडेतीन महिन्यांचे मूल मांडीवर घेऊन एक बाई मागे उरली होती, तिचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे ही सुईची विद्या शिकले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती त्यांनी कोलकात्यात आणली. भारतातल्या ॲक्युपंक्चरची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. २०१९ साली केंद्र सरकारने तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा सुया टोचणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करण्याचे कारण नाही.

आता जे सुईवर सोपवायचे नाही त्याविषयी. बाळंतिणीला ताप आला, अंगावरून फार रक्त जाऊ लागले किंवा दुर्गंधी येऊ लागली, टाके लाल झाले, एकच पाय सुजून दुखू लागला, धाप लागली, डोके विलक्षण दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तिथे सुई नको, मालिश नको, काढा नको आणि ‘सकाळी बघू’ तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट ताप मोजून कळत नाही. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या गर्भवतींचा बाळंतपणानंतर अभ्यास केला गेला; तो २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेल्या आढळल्या. म्हणजे चौघींत जवळजवळ एक. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही कारणे त्यात होतीच. पण मुलगी झाली असेल तर धोका वाढतो, असेही दिसले. ‘पेढे की बर्फी?’ हा आपला निरुपद्रवी वाटणारा प्रश्न कुठवर जाऊन टोचतो, ते यावरून समजेल. ती सुई पाव मिलिमीटरची नाही! पहिल्या काही दिवसांत रडू येणे सर्वसाधारण आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, झोप उडाली असेल, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नसेल, तर तो आळसही नव्हे आणि नखराही नव्हे. तो आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत आणि औषधे आहेत. आणि ती जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलली, तर तिला क्षणभरही एकटी ठेवू नये. तसेच घेऊन डॉक्टर गाठावा.

भाचीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला याविषयी नीट विचारून घेतले, रक्त तपासले, लोहाच्या गोळ्या वाढवल्या, आणि मग ती सुयांकडे गेली. आठवड्यातून दोनदा, सहा वेळा. ताई सोबत जाई आणि बाहेर बाकावर नातीला घेऊन बसे. कंबर पुष्कळ बरी झाली. सुयांनी, गोळ्यांनी की दिवस उलटले म्हणून, ते मला सांगता यायचे नाही. मी भाचीला विचारले, “काय गं, दुखतं का फार?”

ती म्हणाली, “नाही मावशी. पण पहिल्या दिवशी मला रडू आलं. त्या बाईंनी विचारलं, ‘सलग झोप किती तास मिळते तुम्हाला?’ महिनाभरात येऊन गेलेल्या माणसांत बाळ किती झोपतं ते सगळ्यांनी विचारलं होतं.”

ताईने हे ऐकले. त्यानंतर तिच्या घरी एक नवा नियम सुरू झाला. रोज दुपारी दोन ते साडेतीन नात आजीच्या खोलीत आणि लेक दार लावून आपल्या खोलीत. मधला एक फोन नाही, एक पाहुणा नाही. जावईबापू शनिवार-रविवारी येतात तेव्हा रात्रीची एक पाळी त्यांची. ताई याला ‘बिनसुयांचा उपचार’ म्हणते.

या दिवाळीत पुष्कळांच्या घरी नवे बाळ असेल आणि तुम्ही ते बघायला जाल. झबले-टोपडे घेऊन जा, फराळाचा डबा न्या. बाळाचे नाक कुणावर गेले याचा निकालही खुशाल द्या. पण त्याआधी त्याच्या आईजवळ क्षणभर बसा, आणि तू जेवलीस का, झोपलीस का, एवढे तिला विचारा. मग बाळाला आपल्या मांडीवर घ्या आणि तिला म्हणा, “जा, अर्धा तास पड जरा. आम्ही आहोत.”